धारवाल्याची सावली

बुधवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी लोकांचे अंगठे बघायला जायची.

आमच्या गेर्रेरो भागात, मार्केटच्या कोपऱ्यावर सेन्योर कास्तुलोची टपरी होती. दोरीला कपड्यांचे लाकडी चिमटे आणि चिमट्यांना लटकवलेली चित्रकथांची साप्ताहिकं. ज्याला विकत घेणं परवडत नसे तो भाड्याने घेऊन तिथेच बाकावर बसून वाचायचा. बूटपॉलिशवाले, हमाल, बाजाराला निघालेल्या मोलकरणी, सगळे खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि दहांतल्या सातांच्या हातात ‘दिवेवाला’. मी मक्याच्या गरम पेजेचा, आतोलेचा, पेला घेऊन समोर उभी राहायची. त्यांचे चेहरे मी बघत नसे. चेहरा लोकांसाठी सावरता येतो. मी उजव्या हाताचा अंगठा बघायची.

उजवीकडच्या पानाचा खालचा कोपरा म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यात महागाची जागा. डोळे अजून वरच्या चौकटीत असताना अंगठा ओला होऊन त्या कोपऱ्यावर आला, तर माझं काम झालं. अंगठा मांडीवरच पडून राहिला तर त्या पानात कुठेतरी मी चौकट उगाच लांबवली आहे, किंवा जे पान उलटल्यावर दिसायला हवं होतं ते आधीच दाखवून बसले आहे. मग ऑफिसात जाऊन मी ते पान पुन्हा काढून बघायची. अंक छापून झालेला असायचा, पण पुढच्या आठवड्यासाठी.

ऑफिसच्या पगारपत्रकावर माझ्या नावापुढे ‘पानं आखणारी’ असं लिहिलेलं होतं. काम असं होतं. मालक सेन्योर उर्रिएता दर सोमवारी दोन टंकलिखित कागद द्यायचे. दिवेवाल्याने कुणाला वाचवायचं, कुणाला पकडायचं, एवढंच त्यात असायचं. त्याची बत्तीस पानं मी करायची. रद्दी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने चौकटी पाडायच्या: कुठे माणूस दुरून दिसेल, कुठे नुसता डोळा, कुठे दार, कुठे काहीच नाही. धावपळ असली की चौकटी उभ्या आणि चिंचोळ्या, म्हणजे डोळा धापा टाकत जातो. कुणी कुणाची वाट बघत असेल तर एकच आडवी लांब चौकट. त्यावरून लेओबार्दो साराबिया शाईने चित्रं काढायचा. आत पहिल्या पानावर दोन नावं छापली जायची, मालकांचं आणि त्याचं.

लेओची रेघ फार सुंदर होती, हे आजही म्हणेन. आमची टेबलं समोरासमोर होती. अकरा वाजता तो खालून गोड पाव आणायचा, शंखाच्या आकाराचा, त्याचे दोन तुकडे करायचा आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवायचा. मला ‘अंगठेबाई’ म्हणायचा. “काय अंगठेबाई, आज किती अंगठे ओले झाले?” एवढं विचारल्याशिवाय त्याचा बुधवार सुरू होत नसे. चार वर्षं असं चाललं.

हे पान आखणं मी कुठल्या शाळेत शिकले नव्हते. आईकडून शिकले. माझ्या आईला, एर्मेलिंदाला, वाचता येत नव्हतं. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. आमच्या वेसिंदादीत, म्हणजे चाळीत, अंगणाभोवती बावीस खोल्या होत्या आणि मधोमध पाण्याची टाकी. बुधवारी संध्याकाळी टाकीच्या कट्ट्यावर दोन्या चोले ‘दिवेवाला’ वाचून दाखवायची. चोलेला चार इयत्ता झाल्या होत्या आणि त्या चारही ती रोज अंगावर घालून फिरायची. बोलण्याच्या फुग्यांतलं एकेक वाक्य ती धर्मोपदेशकासारखं म्हणायची, बायकापोरं भोवती कोंडाळं करायची. आई तिच्या खांद्यामागे उभी राहून नुसती चित्रं बघायची आणि नेहमी चोलेच्या दोन चौकटी पुढे असायची. “अगं, मागून येतोय तो,” असं ती सहज बोलून जायची आणि चोले भडकायची. “एर्मे, तुला अक्षर कळत नाही तर निदान गप्प तरी बस.” त्यावर आई म्हणायची, “त्याच्या हातातली सुरी मला दिसते की. ती काय अक्षरात लिहिलीय?”

आता दिवेवाल्याबद्दल सांगते, कारण आज तो कुणाला आठवत नाही. डोक्यावर रुंद टोपी, तोंडावर तांब्याचा मुखवटा, हातात जुन्या काळचा रस्त्यावरचा दिवा. त्याने दिवा उचलला की माणसांच्या सावल्या मालकाचं ऐकेनाशा व्हायच्या. चोराची सावली चोराचेच पाय धरायची, खोटं बोलणाऱ्याची सावली भिंतीवर खरं करून दाखवायची. मुखवट्याआड कोण आहे हे चार वर्षं कुणाला माहीत नव्हतं. मला होतं. नवव्या अंकापासून मला माहीत होतं.

तो धारवाला होता. आपल्या गल्लीत शीळ वाजवत येतो, चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देतो आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही, तसा. नवव्या अंकात मी त्याला एका चौकटीच्या कोपऱ्यात उभा केला आणि पुढे दर दोन-तीन अंकांत एकदा. कधी चर्चसमोर, कधी पोलीसचौकीच्या बाहेर. त्याला एकही वाक्य दिलं नाही, त्यामुळे चोले आणि तिच्यासारख्या वाचणाऱ्यांच्या तोंडी तो कधी आलाच नाही. आणि त्याला कधीही सावली दिली नाही. भर दुपारी रस्त्यावर कुत्र्याला सावली, खांबाला सावली, धारवाल्याच्या चाकालासुद्धा सावली, त्याला नाही. कारण त्याची स्वतःची सावली दिव्यात राहायची. मुखवटा घातलेल्या दिवेवाल्यालाही आम्ही सावली काढत नव्हतो, पण दिवा त्याच्याच हातात असल्यामुळे ते कुणाला खटकलं नाही. हे लेओला मी नववा अंक आखतानाच सांगितलं तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, “दुली, हे आपलं दोघांचं. मरेपर्यंत.” माझं नाव ओब्दुलिया. दुली फक्त तोच म्हणायचा.

एकशे तिसाव्या अंकाच्या सुमारास एके दिवशी आई इस्त्रीचा निखारा फुंकता फुंकता म्हणाली, “त्या धारवाल्याला ऊन लागत नाही का गं?”

मी विचारलं, कुठला धारवाला? तिने गादीखालून जुने अंक काढले. पाठीला पाठ लावून नीट ठेवलेले. एकेक उघडून बोट ठेवत गेली: हा इथे, हा इथे, आणि हा बघ, सगळ्यांच्या पायाशी काळं आहे, याच्या पायाशी नाही. आणि तो मुखवटेवाला, त्याच्याही नाही. मग अंक पुन्हा गादीखाली ठेवत म्हणाली, “मला काय. मी आपलं बघते तेवढं.”

आईला वाटायचं मी ऑफिसात पट्टीने रेघा मारते. तसंच मी तिला सांगितलं होतं. खरं सांगितलं असतं तर तिने पुढचं विचारलं असतं, आणि मुखवटा उतरेल ते पान उलटताना मला तिचे डोळे बघायचे होते. हजारो अंगठे बघितले, पण खरं तर मी एकाच अंगठ्यासाठी थांबले होते.

दोनशेव्या अंकात मुखवटा उतरायचा असं ठरलं. मी शेवटची पाच पानं, सत्ताविसापासून एकतिसापर्यंत, बिनशब्दांची आखली. एकही फुगा नाही, एकही ओळ नाही. दिवेवाला पहाटे शहरातून चालत येतो, एकेक गोष्ट उतरवत जातो. हातमोजे, टोपी, अंगरखा. चौकटी रुंद होत जातात, रस्ता मोठा होत जातो. एकतिसाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत नुसता हात आहे, मुखवट्याच्या कडेवर. मग पान उलटायचं. बत्तिसावं पान म्हणजे एकच चौकट: सकाळचा रस्ता, सगळ्यांच्या लांबलचक सावल्या, आणि मधोमध चाकावर वाकलेला धारवाला, मुखवटा चाकाच्या दांड्याला अडकवलेला, पायाशी नुसतं ऊन.

मालकांना ती शांतता पसंत नव्हती. लोक वाचायला घेतात, त्यांना वाचायला काही नको का, असं त्यांचं म्हणणं. लेओ माझ्या बाजूने भांडला. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, हे असंच जाईल नाहीतर मी काढणार नाही. शेवटी मालकांनी मान डोलावली आणि वर म्हणाले, या अंकात तिसरं नाव पण टाकू, हिचं. नावाचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण जास्त आनंद वेगळाच होता. त्या बुधवारी पाच पानं चोलेला वाचण्यासारखं काही नसेल. पाच पानं ती कट्ट्यावर गप्प बसेल, आणि आमच्या अंगणात एकच बाई वाचत असेल, माझी आई.

त्यानंतर लेओने सत्तावीस ते एकतीस माझ्यासमोर बसून काढली. माझ्या रेघेबाहेर एक केस गेला नाही. बत्तिसावं मात्र घरी काढतो म्हणाला, इथे टाइपरायटरच्या आवाजात हात लागत नाही. मी बरं म्हटलं.

त्याच आठवड्यात आईचा नामदिवस, म्हणजे तिच्या नावाच्या संताचा सण होता. तिने दोन दिवस खपून मोले केला, मिरच्यांचा दाट रस्सा, अगदी मिरच्या भाजण्यापासून. मी लेओला बोलावलं. तो फुलं घेऊन आला, तीनदा वाढून घेतलं, आईच्या हाताची तारीफ केली. चोलेही होती, ती अशी संधी सोडणारी नव्हती. जेवता जेवता दोनशेव्या अंकाचा विषय निघाला. चोले म्हणाली, तो नक्की बँकवाल्याचा मुलगा निघणार, बोलतो किती शुद्ध. आईने टॉर्टिया मोडत शांतपणे सांगितलं की तो धारवाला आहे.

चोले इतकी हसली की तिला ठसका लागला. कोण धारवाला? कुठे आहे धारवाला? एवढे अंक मी वाचले, एकदा तरी नाव आलंय का? आई म्हणाली, नाव नाही आलं, सावली पण नाही आली. मग ती लेओकडे वळली.

“तुम्ही काढता ना हो? सांगा बघू, त्या गरिबाला सावली का देत नाही?”

लेओने घास गिळला, ओठांवर बोट ठेवलं आणि तिला डोळा मारला.

आईचा चेहरा असा उजळला की मला आजही तो डोळ्यांसमोर दिसतो. तिने खिडकीतल्या पिंजऱ्याकडे हात केला. तिचा पिवळा कनारी पक्षी, माझे वडील गेले त्या वर्षी आणलेला, तिची एकुलती एक चैन. “चोले, लाव पैज. धारवाला नसला तर हा तुझा. असला तर दर बुधवारी तू माझ्या मागे उभी राहायचं.” चोलेने ताबडतोब हात पुढे केला. मी मोले वाढत होते. मी आईला अडवलं नाही. कशाला अडवू? मला शेवट माहीत होता. मला वाटलं, जिंकताना तिला आणखी गोड लागेल.

तो बुधवार उजाडला तेव्हा मी लवकर गेले. सेन्योर कास्तुलो गठ्ठ्याची दोरी कापत होता. त्याने पहिला अंक चिमट्याला लावला आणि मला मुखपृष्ठ दिसलं.

मुखपृष्ठावर चेहरा होता. मुखवटा हातात घेतलेला, केस तेल लावून मागे वळवलेले, बारीक मिशी, पांढरी कॉलर. सिनेमाच्या पोस्टरवर असतो तसा माणूस. खाली मोठ्या अक्षरांत: ‘अखेर हाच तो!’ आणि त्याखाली एकट्या लेओबार्दो साराबियाचं नाव. आत पाच पानांच्या शांततेत ओळी कोंबल्या होत्या. ‘शहर झोपले होते.’ ‘त्याचे मन जड झाले होते.’ जिथे मी नुसता रस्ता ठेवला होता तिथे रस्ताच दिसत नव्हता. बत्तिसाव्या पानावर तोच तेलकट माणूस गच्चीत उभा होता, दोन चौकटींएवढं भाषण करत. आत पहिल्या पानावर नावं दोनच होती.

बाकावर लोक बसू लागले. मी सवयीने त्यांच्या हातांकडे बघितलं. एकाही अंगठ्याला घाई नव्हती. चेहरा वरच बघितल्यावर कोण कशाला पान उलटेल.

मग मी हिशेब केला. रंगीत मुखपृष्ठ वेगळ्या छापखान्यात जायचं, आतल्या पानांच्या तीन आठवडे आधी. या धंद्यातल्या झाडूवाल्यालासुद्धा हे माहीत होतं. म्हणजे लेओने तो चेहरा त्याच्याही आधी रंगवला होता. म्हणजे माझ्यासमोर बसून एकतिसाव्या पानावरचा हात काढत होता तेव्हा तो चेहरा छापून वाळत होता. म्हणजे आमच्या टेबलाशी बसून त्याने तीनदा मोले घेतला, फुलं दिली आणि माझ्या आईला डोळा मारला, तेव्हाही.

मी ऑफिसला गेले नाही. मुखपृष्ठ फाडून टाकलेला अंक घेऊन घरी आले, पण कोपऱ्यावर टांगलेले बाकीचे अंक कोण लपवणार? संध्याकाळी चोले मुखपृष्ठ झेंड्यासारखं फडकवत अंगणात आली. “हा बघ तुझा धारवाला. धार लावलीय ती मिशीला.” अंगणातली माणसं हसली. मीही त्या घोळक्यात उभी होते, आणि एक शब्द बोलले नाही.

आईने तिच्या हातातून अंक घेतला. मुखपृष्ठाकडे तिने लक्षच दिलं नाही. सरळ सत्ताविसाव्या पानापासून सुरू केलं. ओळी तिच्या लेखी डाग होते. डागांच्या मागचं बघत ती पुढे गेली. एकतिसाव्या पानावर थांबली. मुखवट्यावरचा हात बराच वेळ बघितला. पान उलटलं. मग म्हणाली, “याला सावली आहे.”

खरंच होती. त्या तेलकट माणसाच्या मागे गच्चीच्या भिंतीवर ऐसपैस, काळी कुळकुळीत सावली पडली होती. दिवा त्याच्याच हातात, आणि सावली त्याच्याच मागे. मी ती सकाळपासून बघितलीच नव्हती.

“हा तो नव्हे,” आई म्हणाली. “इथपर्यंत धारवाला आला. पान उलटताना कुणीतरी माणूस बदलला.”

चोले म्हणाली, छापलंय ते खोटं आणि तू म्हणतेस ते खरं? आईने वाद घातला नाही. आत गेली, पिंजरा उतरवला, दाण्याची डबी वर ठेवली आणि चोलेच्या दारात नेऊन ठेवला. पैज म्हणजे पैज.

दुसऱ्या दिवशी लेओ मला जिन्यातच भेटला. बहुतेक वाट बघत उभा होता. त्याने एका दमात सांगितलं: सिनेमावाले आले होते, त्यांना त्यांच्या नटासारखा चेहरा हवा होता, धारवाला पडद्यावर कोण बघणार, मालकांनी मुखपृष्ठावर माझं नाव एकट्याचं टाकायचं कबूल केलं, तुला सांगणारच होतो.

“कधी? मोले खाताना?”

मी रडणार नाही असं ठरवून गेले होते आणि रडले नाही. मला एकच गोष्ट विचारायची होती. रात्रभर मी स्वतःला सांगितलं होतं की लेओ सावली विसरणारा माणूस नाही. चेहरा त्यांच्या दबावाखाली काढला असेल, पण सावली त्याने मुद्दाम काढली असेल. म्हणजे बघणाऱ्याला कळावं की हा खोटा आहे. म्हणजे माझ्यासाठी ठेवलेली खूण असेल. तेवढं असतं तर मी त्याला माफ केलं असतं, कदाचित.

“बत्तिसाव्या पानावर त्याला सावली का काढलीस, लेओ?”

“कसली सावली?”

मी अंक पुढे केला. त्याने बघितलं. खरोखर आठवत नसल्यासारखा बघितला, मग खांदे उडवले.

“ती होय? चौकट रिकामी दिसत होती गं.”

वर जाऊन मी टेबलावरून माझी पट्टी, पेन्सिली आणि रद्दी कागदांची चळत उचलली. गोड पाव तिथेच होता, दोन तुकडे केलेला, मोठा तुकडा माझ्या बाजूला. मी तो तसाच ठेवला. सिनेमा पुढे आला आणि गेला. मी कोलोनिया रोमा या वस्तीतल्या एका नकाशांच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली. तिथे काही लपवायचं नसतं.

नोकरी सोडली त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी मी आईला कट्ट्यावर बसवलं आणि माझ्या पेन्सिलीची सहा पानं तिच्या हातात दिली, क्रमाने, बिनशब्दांची. काय आहे ते सांगितलं नाही. समोर उभी राहिले. ती सावकाश बघत गेली. हातमोजे, टोपी, अंगरखा. एकतिसाव्या पानाच्या वरच्या चौकटीत तिचे डोळे होते तेव्हाच तिने अंगठा जिभेला लावला आणि कोपऱ्यावर आणून ठेवला. चार वर्षं मी ज्याची वाट बघितली ते झालं. मग तिने पान उलटलं, आणि धारवाला दिसला.

ती हसली नाही. तिने त्या उन्हावर बोट ठेवलं. अंगणापलीकडे चोलेच्या खिडकीत कनारी गात होता.

“हे कुणी काढलंय?”

“मी,” मी म्हणाले. “सगळे अंक मीच आखायची. पहिल्यापासून.”

आईने पानं एकावर एक नीट जुळवली, कडा सरळ केल्या, कपड्यांची घडी करावी तशी, आणि माझ्या हातात परत दिली.

“म्हणजे मी पक्षी पैजेला लावला तेव्हा तुला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “आणि तू वाढत होतीस.”